कानामागून आली

तेहेतीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे माझी अशी पक्की समजूत झाली होती, की कान हा अवयव परमेश्वरानं मुख्यतः धरण्यासाठी दिलेला आहे. ऐकणं हा त्याचा जोडधंदा. शाळेत मी मुलांचे कान धरले, हेडमास्तरांनी माझे उपटले, वरच्या साहेबांनी हेडमास्तरांना कानपिचक्या दिल्या, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी दिवसभर साचलेलं सगळं माझ्या कानांवर घातलं. कानांचा याहून वेगळा काही उपयोग असेल असं मला कधी वाटलं नाही. निवृत्त झालो, मुखेडच्या रस्त्यांवरून सकाळ-संध्याकाळ बिनकामाचा हिंडायला लागलो, तेव्हा मला शोध लागला की कानांचा तिसराही एक उपयोग आहे. तो म्हणजे ते बुजवून घेणं.

हा शोध मला एस.टी. स्टँडवर लागला. नांदेडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. शेजारी पंचविशीतला एक तरणाबांड पोरगा येऊन उभा राहिला आणि समोरच्या उसाच्या रसवंतीकडे बघत म्हणाला,

"काय काका, बरं हाय ना?"

माझ्या हाताखालून मुखेड तालुक्याच्या दोन पिढ्या गेलेल्या. चेहरा ओळखीचा नसला तरी ओळख दाखवावीच लागते. मी म्हणालो, "बरं आहे बाबा. तू कोणाचा?"

"जेवण झालं का?"

"झालं की. तुझं?"

"मंग पैशाचं काय केलात?"

मी दचकलो. पैशाचं मी खरोखरच काही केलेलं नव्हतं. पण ते याला कसं कळलं?

"आज देतो, उद्या देतो करून चार महिने झाले काका. आमी काय मूर्ख हाव का?"

आता आजूबाजूची दोन-चार माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. मास्तराचं आयुष्य उधारीत जातं हे खरं असलं, तरी मला घाम फुटला. कुठल्या दुकानाची बाकी, कुठल्या भिशीचा हप्ता, काही आठवेना. "बापू, किती आहेत?" असं मी अगदी हळू विचारलं आणि खिशात हात घातला. तेवढ्यात त्यानं मान वळवली. त्याच्या कानात कापसाच्या बोंडासारखं पांढरंशुभ्र काहीतरी चमकलं. त्याचे काका दुसरीकडेच कुठेतरी होते. पैसेही त्यांनीच बुडवले होते. मी नुसताच मधल्या मधे शरमलो होतो.

पूर्वी आमच्या गावात स्वतःशी बोलणारी माणसं दोनच प्रकारची असत. एक, ज्यांना बाहेरचं काही लागलेलं आहे अशी. आणि दुसरी, आठवडी बाजारातून परतताना हिशेब न लागणारी. आता निम्मं गाव स्वतःशी बोलत हिंडतं आणि कुणी कुणाला देवऋषाकडे नेत नाही.

या वस्तूला इंग्रजीत नावं पुष्कळ आहेत. आमच्या मोबाइलच्या दुकानात 'बड्स' मागितले की मिळतात. मला मात्र 'बोंडं' हेच नाव आवडतं. आमचा कापसाचा मुलूख. पांढरं बोंड आम्हांला परकं नाही. फरक इतकाच, की पूर्वी कानात कापूस घालायचा तो थंडीसाठी, किंवा लग्नात अत्तराचा फाया म्हणून. या वस्तूंसाठी गाजलेली आपल्याच देशातली एक कंपनी आहे, तिचं नाव 'बोट'. इंग्रजीत त्याचा अर्थ होडी. पण मराठी माणसाचा कान आणि बोट यांचा संबंध इतका जुना आहे, की होडीचा विचार त्याच्या मनात येणं शक्यच नाही.

माझं लहानपण मुखेडातच गेलं. सत्तरीच्या दशकात आमच्या गल्लीत रेडिओ एकच होता, समोरच्या आप्पांच्या घरी. त्या काळी रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. म्हैस पाळायला परवाना लागत नव्हता, नवरा पाळायला लागत नव्हता, पण रेडिओ पाळायला लागायचा. आप्पांनी परवाना काढला होता एका रेडिओचा, आणि त्यावर फुकट ऐकणारे कान होते गल्लीभरचे. १९५२ साली सुरू झालेली रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला माझ्या लहानपणी अगदी भरात होती. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज आला, की हातातला घास हातात राहायचा. मधेच तो आवाज लांब जायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. मुखेड आणि सिलोन यांच्यामध्ये समुद्र आहे, हे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी रेडिओनं शिकवलं. अमीन सायानी २०२४च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा मी घरात एकटाच होतो. तरीसुद्धा बातमी ऐकताना आपल्या मागं वीस-पंचवीस माणसं बसलेली आहेत असं मला वाटलं.

कारण गाणं तेव्हा गावातल्या आडासारखं होतं. ज्याला हवं त्यानं यावं, भरून न्यावं. लग्नघर कुठं आहे हे पत्रिकेवरून नव्हे, लिंबाच्या झाडावर बांधलेल्या भोंग्यावरून कळायचं. नवरदेवाकडचे लोक गाणी लावत, आणि ज्याला बोलावणं नाही तोही ती पोटभर ऐकून झोपी जाई.

या सगळ्यात आमच्या मायचे कान फार तयार. रेडिओकडे पाठ करून ती भाकरी थापायची. पण कुठलं गाणं गेल्या बुधवारपेक्षा दोन पायऱ्या वर चढलं, हे गल्लीतल्या पोरांच्या आधी ती सांगायची. दाराची कडी वाजली की न बघता म्हणायची, "मावशी आली बघ तुझी." लांबून एस.टी. घरघरली की ती देगलूरकडनं येते की कंधारकडनं, हे तिला आवाजावरून कळायचं. कुणाचे वडील गाडीनं आले, कुणाचे आज मुक्कामाला राहिले, हे तिला सगळ्यांच्या आधी माहीत असे. आकाशवाणीचं केंद्र परभणीला होतं. पण आमच्या गल्लीपुरतं ते आमच्या चुलीपाशीच होतं.

मग गाणं खाजगी व्हायला लागलं. याची सुरुवात जपानात झाली, १९७९च्या जुलैत. सोनी कंपनीनं कमरेला लावून हिंडायचा टेप काढला, त्याचं नाव वॉकमन. त्या पहिल्या यंत्राबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. त्याला कानाची यंत्रं जोडायला एक नव्हे, दोन भोकं होती. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू होई आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येई. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी ते यंत्र घरी वापरून बघितलं, तर त्यांच्या बायकोला राग आला. नवरा समोर बसलेला आणि आपण त्याच्या जगाच्या बाहेर! तेव्हा मोरितांना वाटलं, एकट्यानंच ऐकत बसणं बरं दिसत नाही, शेजारच्याचीही सोय पाहिजे. पण लोकांना ती सोय नकोच होती. ज्यानं त्यानं आपापलं यंत्र विकत घेतलं आणि पुढं दुसरं भोक गेलं.

पहिलं भोक उरलं होतं, ते २०१६ साली गेलं. त्या वर्षी आपल्याकडे नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या म्हणून ते साल सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याआधी दोन महिने अमेरिकेत ॲपल कंपनीनं आपल्या नव्या फोनचं कानाच्या वायरीचं भोक बुजवून टाकलं, त्याला 'धैर्य' असं नाव दिलं, आणि बिनतारी बोंडं विकायला काढली. भोक बुजवणं हे धैर्याचं काम आहे हे मला आधी कळलं असतं, तर आमच्या घराच्या पत्र्यावर मी दर पावसाळ्याआधी जे डांबर लावतो, त्याबद्दल मी स्वतःला वीरच समजलो असतो.

वायर होती तोवर निदान दिसत तरी होतं. माणूस मोबाइलला दाव्यानं बांधलेला आहे, आता याला हाक मारण्यात अर्थ नाही, हे लांबून कळायचं. शिवाय त्या वायरीचा खिशात असा गुंता व्हायचा, की तो सोडवता सोडवता गाणं ऐकायची इच्छाच निघून जायची. आता दावं तुटलं. जनावर मोकळं दिसतं, पण दावणीलाच असतं.

हे बिनतारी प्रकरण चालतं कसं, म्हणून मी चिरंजीवांना विचारलं. ते हैदराबादला संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांनी सांगितलं, "ब्लूटूथ, बाबा." म्हणजे निळा दात. मला वाटलं पोरगं थट्टा करतंय. पण खरंच दहाव्या शतकात डेन्मार्कात हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला, त्याला 'नीलदंत' म्हणत. त्यानं विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या. हजार वर्षांनी काही इंजिनियरांना फोन आणि संगणक यांची बिनतारी सोयरीक जमवायची होती. त्यांनी तात्पुरतं म्हणून त्या राजाचं नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. मोबाइलवर जी वाकडीतिकडी खूण दिसते, ती त्या राजाची जुन्या लिपीतली आद्याक्षरं. आमच्याकडे तंबाखूनं तपकिरी झालेले दात गल्लोगल्ली आहेत. पण त्यांतल्या एकानंही बांधावरून भांडणारे दोन भाऊ एकत्र आणल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

फोन आधी गाण्याचे आकडे करतो, आणि ते आकडे सेकंदाला सुमारे २४० कोटी हेलकावे घेणाऱ्या लहरींवर बसवून कानाकडे धाडतो. पण या हवेत लहरींची गर्दी फार. म्हणून मूळच्या पद्धतीत त्या एका वाटेनं जात नाहीत. ७९ वाटा आखलेल्या असतात आणि त्यांवरून त्या सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत जातात. उधारी थकलेला माणूस आठवडी बाजारात दुकानदारांना चुकवत या बोळातून त्या बोळात कसा सटकतो, तसं. आणखी एक करामत या बोंडांत असते, बाहेरचा गलका मारण्याची. आवाजाची लाट जशी येईल तिच्या नेमकी उलटी लाट सोडायची, म्हणजे दोन्ही मिळून शून्य होतात. पाउल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला या कल्पनेचं अमेरिकेतलं पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. पुढं १९७८ साली अमर बोस यांना विमानाच्या घरघरीत गाणं ऐकू येईना, म्हणून त्यांनी प्रवासातच त्यावर आकडेमोड सुरू केली. हे बोस अमेरिकेत जन्मलेले, पण वडील बंगालचे, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीतून तिकडे गेलेले. त्यांचं यंत्र विमानात चालतं यात शंका नाही. आमच्या घरात हीच युक्ती मी गेली तीस वर्षं करतो आहे. सौ. जे म्हणेल त्याच्या नेमकं उलट मी म्हणतो. अजून एकदाही शून्य झालेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांनी स्वतःला नवी बोंडं घेतली आणि जुनी आम्हांला देऊन टाकली. पूर्वी बापाचे जुने कपडे मुलाच्या अंगावर येत. आता मुलाची जुनी यंत्रं बापाच्या कानात येतात. बोंडं एका गुळगुळीत पांढऱ्या डबीत राहतात. त्या डबीत त्यांना वीज खायला मिळते. डबी मी ओट्यावर ठेवली होती. शेजारचे एक पाव्हणे तंबाखू मळत आले, बोलता बोलता त्यांनी डबी उघडली, अंगठ्याचं नख आत खुपसलं आणि म्हणाले, "गुरुजी, चुना पार वाळला की हो तुमचा!"

पहिले काही दिवस आम्ही दोघं एकेक बोंड वाटून घेऊन गाणी ऐकत असू. यातही एक गंमत झाली. जुन्या ध्वनिमुद्रणांत डाव्या-उजव्या कानांची वाटणी भावाभावांच्या वाटणीसारखी पक्की असते. त्यामुळे सौ.च्या कानात गाणारीण यायची आणि माझ्या कानात नुसता तबला. ती डोळे मिटून डोलायची, मी ठेका धरून बसायचो. अशाही रीतीनं संसार होतो.

पण या यंत्राला आतलं-बाहेरचं कळत नाही, हे लवकरच उघड झालं. एक दिवस सौ. दोन्ही बोंडं घालून आत भजन ऐकत ज्वारी निवडत होती आणि फोन माझ्यापाशी ओट्यावर होता. माझ्या एका मित्राचा फोन आला. मी उचलला. हॅलो, हॅलो, हॅलो. पलीकडून चकार शब्द नाही. कंटाळून ठेवून दिला. दोन मिनिटांनी सौ. कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"रविवारी मळ्यात बोकड हाय म्हणं."

"कुठल्या मळ्यात?"

"आणि वहिनीला सांगा नांदेडला पेन्शनच्या कामाला जायलोय म्हणून, असंबी सांगितलंय तुमच्या दोस्तानं."

या कानाचं त्या कानाला कळू न देणं ही आमच्या पिढीची कला. निळ्या दातानं ती मोडीत काढली. नंतर त्याच ज्वारीच्या राशीत एक बोंड पडलं. चाळून, पाखडून, दोन पोती पालथी घालूनही सापडलं नाही. दुकानदार म्हणाला, "सुटं मिळत नाही गुरुजी, जोडी घ्यावी लागते." चपलेचंही तेच, आणि माणसाचंही तेच. उरलेलं एक बोंड डबीत विधुरासारखं पडून राहिलं.

इथपर्यंतची हकीकत हसण्यावारी नेण्यासारखी आहे. पुढची मायची आहे.

मायचं वय आता चौऱ्याऐंशी. पाच-सहा वर्षांपूर्वी तिचे ते तयार कान हळूहळू गेले. एकदम गेले असते तर आम्हांला कळलं असतं. ते इतके हळू गेले, की कडी वाजल्यावर ती वर बघेनाशी झाली हेसुद्धा आमच्या लक्षात उशिरा आलं. नांदेडला नेऊन तपासलं. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायचं असतं. मायनं पटापट बटणं दाबली. निकाल इतका चांगला लागला, की डॉक्टर माझ्याकडेच संशयानं बघायला लागले. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "ती पोरगी काचेतनं माज्या तोंडाकडं बघायली. तिला वाईट वाटू नये म्हणून दाबलं." मग पोरीकडे पाठ करून बसवून पुन्हा तपासणी झाली, तेव्हा खरं कळलं.

कानाचं मशीन घेतलं. कानामागं अडकवायचं, कातडीच्या रंगाचं, कुणाला दिसू नये असं. तेच कुणाला दिसायचं नाही म्हणून इतकं झटायचं, तर ते लाजिरवाणंच असणार, असा मायनं सरळ अर्थ काढला. त्यात ते नीट बसलं नाही की बारीक शिट्टी घालायचं. "या वयात शिट्ट्या वाजवत हिंडू का?" म्हणाली आणि मशीन तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत गेलं. मी पुष्कळ समजावलं. चष्मा घालतेसच की, मग याचीच लाज का? तिनं एका वाक्यात मला गप्प केलं.

"चष्म्याला कुणी आंधळी मनत न्हाई. मशिनीला बहिरी मनतेत."

तेहेतीस वर्षं शिकवलं, पण याचं उत्तर मला येत नव्हतं. मग ती सगळ्याला "हाव, हाव" म्हणायला लागली. भाकरी देऊ का? हाव. पाऊस पडला का? हाव. वीरभद्राच्या देवळात कीर्तनाला जायची, ते बंद झालं; सगळे हसले की आपणही हसायचं, पण ते अर्ध्या क्षणानं मागं पडतं आणि लोक बघतात. गल्लीचं ते आकाशवाणी केंद्र बंद पडलं. आम्हीही, खरं सांगायचं तर, तिच्याशी कामापुरतं बोलायला लागलो. ओरडून बोलायचा कंटाळा येतो. प्रेमाच्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. ओरडून सांगता येतं ते एवढंच, की गोळी घेतली का.

दिवाळीला चिरंजीव आले. नवी बोंडं दोन्ही कानांत. आल्या-आल्या आजीच्या पाया पडले, खाटेवर आडवे झाले आणि छताकडे बघत पाय हलवायला लागले. मायनं हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. पोरगं ढिम्म. ती जवळ गेली, कानातलं पांढरं बघितलं, आणि काही न बोलता मागं फिरली.

त्या दिवसापासून घरात विलक्षण प्रकार सुरू झाला. माय नातवाशी ओरडून आणि हातवारे करून बोलायला लागली. नातवाला वाटलं, आजीचं ऐकू येणं फारच कमी झालं. तोही ओरडून आणि हातवारे करून उत्तरं द्यायला लागला. "करंजी खातो का?" हे वाक्य दोघांमध्ये अशा आवेशानं चाललं होतं, की समोरच्या घरातून विचारणा झाली, वाटणीवरून काही झालंय का?

पाडव्याच्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर ट्रंक उघडी आणि मायच्या कानामागं मशीन. नातवाला समोर बसवून, त्याचा हात हातात घेऊन ती सांगत होती,

"लेकरा, लाज वाटून घेऊ नको. तुज्या वयात व्हायला नको हुतं, पर झालं त्याला काय करतोस? म्या वीरभद्राला बोललेय, बरं हुईल. तवर मी बी माझी मशीन घालते बघ. दोघं मिळून घालू. कोण काय मनतेत, बघू."

चिरंजीवांनी तोंड उघडलं. मीही उघडलं. सौ. स्वयंपाकघराच्या दारातून आमच्याकडे बघत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. लग्नानंतर प्रथमच तिचं आणि माझं नेमकं एकाच वेळी पटलं, आणि घरात शांतता झाली.

थोड्या वेळानं मायनं मला विचारलं, "तू एवढा वरडून का बोलायलास रे? बहिरी हाव का मी?"

मायची समजूत वेडगळ म्हणून मी मनातल्या मनात हसलो होतो. नंतर जरा वाचलं, तेव्हा हसू मावळलं. आपल्या कानाच्या आतल्या शंखात पंधरा-सोळा हजार केसाळ पेशी असतात. त्या आवाज पकडतात. मोठ्या आवाजानं त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. केसांची ही तऱ्हा मला माझ्या डोक्यावरून पाठ आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालेल. तोच ९० वर नेला तर फक्त ४ तास. चिरंजीव हैदराबादच्या बसमध्ये, गलक्याच्या वर आवाज चढवून, आठवड्याभराचे चार तास सोमवारीच संपवतात. म्हणजे आजीचं निदान चुकलं नव्हतं. ते फक्त वेळेच्या थोडं आधी झालं होतं. आणि यंत्रांची गल्लतही फारशी नव्हती. २०२४च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ॲपलच्या एका बोंडांच्या जोडीला, थोडंफार कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, कानाचं यंत्र म्हणून वापरायला मान्यता दिली. जे अमेरिकेला समजायला २०२४ उजाडलं, ते माय खाटेपाशी उभी राहून एका नजरेत समजली होती.

त्या दिवाळीत संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत. हिच्या कानामागं मशीन, त्याच्या कानांत बोंडं. ती त्याला आप्पांच्या रेडिओची, परवान्याची, सिलोनची गोष्ट सांगायची. मी एकदा हळूच त्याच्या मागं जाऊन विचारलं, "आणि तू मधेमधे काय ऐकतोस रे?"

त्यानं फोन दाखवला. बंद होता. "काही नाही ओ बाबा. बोंडं पण बंदच आहेत. काढली तर आजी पण काढेल."

चार दिवस पोरगं कानात बोंडं घालून आजीचं ऐकत होतं. मोरितांच्या यंत्राचं ते नारिंगी बटण आमच्या घरात असं दाबलं गेलं.

भाऊबीजेनंतर तो निघाला. देगलूरपर्यंत एस.टी., पुढं हैदराबाद. माय हट्टानं स्टँडवर आली. आम्ही तिघं रस्त्याकडे डोळे लावून उभे होतो. ती बाकावर बसून पिशवीतल्या करंज्या मोजत होती. मोजता मोजता मान वर न करता म्हणाली,

"ऊठ. गाडी आली तुजी."

आम्हांला काही दिसत नव्हतं, काही ऐकूही आलं नव्हतं. मिनिटाभरानं गाडी वळणावर दिसली. देगलूरचीच होती.

कानामागून आली आणि तिखट झाली, अशी म्हण आहे. मायची मशीन कानामागून आली आणि गोड झाली. आता एकच पेच आहे. नातवाचे कान बरे झाले की वीरभद्राला पाच नारळ द्यायचा नवस आहे, आणि ते बरे झाले हे तिला कळवायची आमची छाती नाही. दर रविवारी त्याचा फोन येतो. माय मशीन नीट बसवते, फोन कानाला लावते आणि पहिला प्रश्न विचारते,

"मशीन घालायलास का?"

"घालतो आजी."

"लाजू नको."